पावणेसहाच्या नोंदी

शेफालीच्या चुकांची यादी ठेवायला सानिकाने जूनमध्ये सुरुवात केली, आणि त्यात तिला गैर असे काही वाटले नाही. चुका नोंदवणे हाच तिचा व्यवसाय होता. कोलकात्याच्या न्यू टाउनमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत ती चाचणी विभागाची प्रमुख होती. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधले दोष हुडकायचे, प्रत्येकाला क्रमांक द्यायचा, तो कितपत गंभीर हे ठरवायचे, नेमके काय केले असता तो दिसतो हे लिहून ठेवायचे, यात तिची एकवीस वर्षे गेली होती. नीट नोंदवलेला दोष निम्मा सुटलेला असतो, असे ती हाताखालच्या मुलामुलींना सांगे. मग घरातला दोष तरी मोकाट का सोडावा?

क्रमांक चार : ओला टॉवेल खुर्चीच्या पाठीवर. क्रमांक नऊ : आईच्या गोळ्यांची डबी उघडी. क्रमांक सतरा : भाजीला पुन्हा मोहरीचे तेल, गंभीर. क्रमांक तेवीस : दार ओढून घेताना आवाज, किरकोळ, पण वारंवार.

शेफाली आया होती. मे महिन्यात सानिकाने आईला, विनीताबाईंना, पुण्याहून कोलकात्याला आणले. वडील, दिलीपराव, जाऊन सहा वर्षे झाली होती. पुण्याच्या घरात एकट्या राहणाऱ्या विनीताबाई न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, तरी उठवायला, चालवायला, अंघोळ घालायला सतत कुणीतरी हवे होते. सानिका अविवाहित, एकटी राहणारी; आई आल्यापासून ती बहुतेक घरूनच काम करू लागली. आया पुरवणाऱ्या सेंटरने पहिली बाई पाठवली. ती तीन आठवड्यांत गेली. दुसरी बारा दिवसांत. तिसरी शेफाली. हासनाबाद लाइनवरच्या कुठल्याशा गावाहून ती सकाळी आठला येई आणि संध्याकाळी सहाला जाई. विनीताबाई तिच्याशी मराठीत बोलत, ती त्यांना मासिमा, म्हणजे मावशी, म्हणून बंगालीत उत्तर देई, आणि दोघींचे कधी काही अडले नाही. तिच्या हातून विनीताबाई दोन घास जास्त जेवू लागल्या, काठी टेकत बाल्कनीपर्यंत जाऊ लागल्या.

आणि तरीही गेल्या शुक्रवारी सानिका तिच्यावर एवढी ओरडली की समोरच्या फ्लॅटचे दार किलकिले झाले. कारण होते न पिळता ठेवलेले पोछ्याचे फडके. शेफालीने ते पिळले, दोरीवर टाकले, हात पदराला पुसले आणि शांतपणे म्हणाली, "दीदी, पंचमीपर्यंत येते. मग दुर्गापूजेला गावी जाईन. त्यानंतरचं सेंटरला सांगून ठेवा. दुसरी बाई बघतील."

त्या दिवसापासून घरातल्या हवेला धार आली होती. टोरांटोहून धाकट्या भावाचा, केयूरचा, फोन आला. पुण्याजवळच्या एका वृद्धनिवासात एक खोली रिकामी झाली होती. होकार किंवा नकार दसऱ्याच्या आत कळवायचा होता.

"ताई, भावनेच्या भरात विचार करू नकोस," तो म्हणाला. "चौथी बाई, मग पाचवी. आईचे किती हाल करणार? तिथे नर्स आहे, डॉक्टर आहे. सगळ्यांच्याच सोयीचं आहे."

"कळतंय मला," सानिका म्हणाली. तिला खरोखरच कळत होते. युक्तिवादात कुठेही फट नव्हती. एवढ्या निर्दोष गोष्टीची तिला धास्ती का वाटावी, हे मात्र कळत नव्हते.

शनिवारी ती पारमिता लाहिडींकडे गेली. दीड वर्षापूर्वी झोपेत दात खाऊन खाऊन तिच्या दाढेला तडा गेला होता. दंतवैद्याने दाढ दुरुस्त केली आणि म्हटले, दात मी सांभाळतो, पण तुम्ही रात्रभर कुणाला चावताय ते विचारायला दुसरीकडे जा. तेव्हापासून दर शनिवारी समुपदेशन, अकरा ते अकरा पन्नास. हिंदुस्थान पार्कातल्या एका जुन्या घराचा तळमजला, दोन वेताच्या खुर्च्या, हिरव्या झडपांची खिडकी. पारमिता साठीच्या होत्या, 'शानिका' म्हणत, आणि कमी बोलत. खिडकीबाहेर पूजेचा मांडव उभा राहत होता. बांबूंना अजून कापड लागले नव्हते. त्या उघड्या सांगाड्यातून पलीकडचे आकाश चौकोनाचौकोनांनी दिसत होते, जणू कुणी ते मोजायला घेऊन अर्ध्यावर सोडले असावे.

सानिकाने फोन पुढे केला. "ही यादी. सदतीस नोंदी आहेत. मी उगाच चिडत नाही हे तुम्हाला कळावं म्हणून आणली."

"पुरावे आणलेत." पारमितांनी चष्मा लावला. "खटला कुणावर आहे?"

"शेफालीवर. म्हणजे, खटला नाही."

पारमिता सावकाश वाचत राहिल्या. यादीत वर गेल्या, खाली आल्या, पुन्हा वर गेल्या. मोहरीच्या तेलापाशी थांबतील असे सानिकाला वाटले होते. त्या तिथे थांबल्याच नाहीत.

"ही शेवटच्या रकान्यातली वेळ तुम्ही लिहिता?"

"नाही. नोंद केली की फोन आपणच टाकतो."

"पाच सत्तेचाळीस," पारमिता वाचू लागल्या. "पाच बावन्न. पाच एकोणपन्नास. पाच अठ्ठावन्न. पाच एकावन्न." त्यांनी फोन परत दिला. "शेफाली सकाळी आठला येते ना? मग सकाळी तिच्या हातून काहीच सांडत नाही?"

सानिका रकान्यावरून बोट फिरवत गेली. सदतीसपैकी चौतीस नोंदी पावणेसहा ते सहा या पंधरा मिनिटांतल्या होत्या. यादी तिने गांभीर्यानुसार लावून पाहिली होती, प्रकारानुसार लावली होती, खोल्यांनुसारही लावली होती. वेळेनुसार एकदाही नाही. हाताखालच्या एखाद्या मुलाने असे काम पुढे ठेवले असते, तर तिने ते न वाचता परत केले असते.

"सकाळी सांडतं," ती म्हणाली. "परवा डाळीचा अख्खा डबा सांडला. पण सकाळी मला त्याचं काही वाटत नाही."

"आणि सहा वाजता काय होतं?"

"काही नाही. ती घरी जाते."

बाहेर बांबूवर दोरी आवळल्याचा करकरीत आवाज येत राहिला. सानिकाला आपले जबडे घट्ट मिटलेले जाणवले, आणि मग कुठल्याही क्रमाशिवाय सांगलीचे एक दार आठवले.

ती दहा वर्षांची होती. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत; दर तीन वर्षांनी बदली. त्या खेपेला आसामातले दिब्रुगढ आले. तिकडे अशांतता, शाळा कधी उघड्या कधी बंद, आणि इकडे सानिकाची स्कॉलरशिपची परीक्षा. सगळ्यांनी बसून ठरवले की तिला सांगलीला सुलभाआत्याकडे ठेवावे. केयूर तीन वर्षांचा. तो अर्थातच आईबरोबर. अशा बदल्यांच्या घरांतून एखादे मूल असे मागे ठेवणे ही काही जगावेगळी गोष्ट नव्हती. संध्याकाळच्या गाडीला मिरजेला जायचे होते. सहा वाजता दारात रिक्षा उभी राहिली. आईने केयूरची टोपी सारखी केली आणि म्हणाली, शहाण्यासारखी राहा. सानिका शहाण्यासारखी उभी राहिली. ती रडली नाही. पुढे कित्येक वर्षे, लग्नाकार्यांत, दिवाळीत, पाहुण्यांसमोर ही गोष्ट कौतुकाने सांगितली जाई : आमची सानिका किती समजूतदार, डोळ्यांतून टिपूस नाही काढलं.

"तुम्ही काय केलंत?" पारमितांनी विचारले. "रडला नाहीत. मग काय केलंत?"

हे सानिकाने आजवर कुणाला सांगितले नव्हते. किंबहुना तिला स्वतःलाही ते गेल्या क्षणापर्यंत ठाऊक होते असे म्हणवत नव्हते. "गौरी, आत्याची मुलगी, माझ्या शेजारी उभी होती. सहा वर्षांची. मी दाराआड तिच्या दंडाला चिमटा काढला. सोडलाच नाही. ती भोकाड पसरून रडायला लागली. सगळ्यांना वाटलं, मामी चालली म्हणून रडतेय. मग आई रिक्षातून खाली उतरली, परत आली, आणि तिनं गौरीला जवळ घेतलं."

"चिमटा कुणाला काढायचा होता?"

"आईला नाही," सानिका तत्काळ म्हणाली. "तिचा काय दोष? बदली बाबांची, तिकडे तसली परिस्थिती, माझी परीक्षा. कुणीही हेच केलं असतं."

"कारणं खरी आहेत. पण कारणं खरी निघाली म्हणून राग खोटा ठरत नाही." पारमिता पुढे वाकल्या. "दहा वर्षांच्या मुलीला एक हिशेब पक्का ठाऊक असतो. जी चाललीय तिच्यावर चिडलो, तर ती परत यायचीच नाही. म्हणून तिच्यावर चिडायचं नाही. पण राग कुठे जाणार? जवळचं माणूस शोधतो. लहान, किंवा पगारी, किंवा ज्याच्यावाचून चालेल असं आपल्याला वाटतं. पुस्तकात याला विस्थापन म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल."

"आणि ज्याच्यावर काढावा, ते माणूसही निघून जातं," सानिका हळूच म्हणाली.

"तिसरी आया," पारमिता म्हणाल्या. मग घड्याळाकडे पाहिले. "पुढचे दोन शनिवार मी नाही, शानिका. पूजेची सुट्टी. आज आपण फार जड काहीतरी उघडलंय, आणि मी चाललेय. त्याबद्दल काही वाटतंय?"

"छे. छान मजा करा," सानिका हसून म्हणाली.

गरियाहाटच्या चौकात पूजेच्या खरेदीची गर्दी रस्त्यावर उतरली होती. टॅक्सी दहा मिनिटांत दहा हात सरकली. "रस्ता माहीत नसेल तर गाडी कशाला चालवता?" ती चालकावर कडाडली. "सगळे असेच! कुणाला कशाची पडलेली नाही!" आरशातून त्या माणसाचे चकित डोळे दिसले. आणि तिला स्वतःचा आवाज ऐकू आला. मघाशी ज्या जिभेने ती मजा करा म्हणाली होती, तीच जीभ. मधे पाव तासही गेला नव्हता.

"दादा, माफ करा," ती म्हणाली. "राग तुमच्यावरचा नव्हता."

"चालतं, दीदी. पूजेत सगळ्यांचीच डोकी गरम," तो म्हणाला. मग जरा थांबून, "कुणावरचा होता?"

तिने खिडकीची काच खाली केली. उत्तर तिला येत होते. उच्चारता येत नव्हते.

पंचमीलाही ती घरूनच काम करत होती. पावणेसहा वाजले तशी छातीत ती ओळखीची गरमी वर चढू लागली. तिने ती प्रथमच येताना पाहिली, दूरच्या वळणावर एखादी गाडी दिसावी तशी. स्वयंपाकघरात शेफाली ओटा पुसत होती. नळाखाली एक चमचा न धुतलेला राहिला होता. सानिकाचा हात फोनकडे गेला आणि तिने तो मागे घेतला.

शेफाली पिशवी घेऊन दारापाशी आली. पिशवीत विनीताबाईंनी दिलेली नवी साडी होती. चपला घालण्यासाठी ती वाकली, तेव्हा सानिका म्हणाली, "शेफाली, माझं चुकलं. तुझं काही चुकत नव्हतं."

शेफालीने मान वर केली. "थोडं चुकत होतं, दीदी. तेल मी मुद्दामच मोहरीचं घालत होते. मासिमाला आवडतं. तुम्हाला सांगू नको म्हणाल्या होत्या."

सानिकाने वळून ओट्यावरच्या तेलाच्या बाटलीकडे पाहिले.

"पण एवढं ओरडण्यासारखं नव्हतं ते," शेफाली म्हणाली. "फडक्यासाठी कुणी कुणाची आई काढल्यासारखं ओरडतं का?"

"नाही. पूजेनंतर येशील?"

"बघते." तिने ते ना गोड करून सांगितले, ना कडू. "मासिमाला उठवताना डावीकडून धरा. उजवीकडून धरलं की त्या घाबरतात, पण बोलत नाहीत." आणि लिफ्टचे दार मिटले.

सानिका बंद दारापाशी उभी राहिली. तिला वाटले होते की क्षमा मागितली की आतले सगळे निवेल. तसे झाले नाही. गरमी होती तशीच होती, फक्त आता तिला समोर कुणी उरले नव्हते. ती वळली आणि आईच्या खोलीत गेली.

विनीताबाई उशीला टेकून बसल्या होत्या. "गेली का? आज तुझा ओरडण्याचा आवाज नाही आला. बरं नाहीये का तुला?"

"आई, मला तुझ्याशी भांडायचंय."

"माझ्याशी?" त्यांनी चष्मा काढला. "आत्ता? माझ्या गोळीची वेळ झालीय."

"गोळी देते. मग भांडते."

तिने गोळी दिली, पाणी दिले, पेला जागेवर ठेवला. "तू मला सांगलीला ठेवून गेलीस."

"अगं, पस्तीस वर्षं झाली त्याला!"

"छत्तीस."

"तिकडे काय चाललं होतं तुला माहीत नाही. शाळा बंद, संध्याकाळी बाहेर पडायची सोय नाही, तुझी परीक्षा..."

"कारणं मला पाठ आहेत, आई. मीच ती सगळ्यांना सांगत आलेय. आज कारणं नकोत." तिचा आवाज चढला आणि तिने तो चढू दिला. "चार वर्षं! दर सुट्टीत पाहुण्यासारखी यायचे मी तुमच्याकडे. केयूरला माझं नाव नीट घेता येत नव्हतं. आणि त्या दिवशी तू रिक्षातून उतरलीस, परत आलीस, आणि गौरीला जवळ घेतलंस! माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस!"

विनीताबाईंनी नजर चादरीकडे वळवली. पंख्याचे वारे चादरीची एक सुरकुती उचलत होते आणि ठेवत होते.

"ती रडत होती," त्या म्हणाल्या.

"मी चिमटा काढला होता तिला."

"माहितीय. दंड निळा झाला होता. मी पाहिला."

"तुला माहीत होतं?"

"तुझ्याकडे बघितलं असतं तर मला जाता आलं नसतं. कुणाला तरी जवळ घ्यावंसं वाटत होतं. ती समोर होती." त्या चष्म्याची काडी उघडत-मिटत राहिल्या. "आणि सगळंच ऐकायचंय ना तुला, तर ऐक. मिरजेच्या स्टेशनवर गाडी हलली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. तुझे बाबा महिनामहिना दौऱ्यावर, परका मुलूख, अंगावर तीन वर्षांचं पोर. एकीची तरी काळजी मिटली, असं वाटलं मला. रडू आलं ते गुवाहाटीला. पण आधी सुटल्यासारखं वाटलं. हे मी तुझ्या बाबांनाही कधी बोलले नाही."

सानिका उठून बाल्कनीत गेली. खालच्या आवारात मांडवाचे दिवे लावून पाहत होते. पेटत, विझत, पुन्हा पेटत. इतकी वर्षे तिला वाटत आले होते की हे दार उघडले तर आत काहीतरी कोसळेल. आता ते सताड उघडे होते आणि आत एक सदतीस वर्षांची बाई आगगाडीच्या खिडकीशी बसून, सुटले म्हणत होती. शेफाली आज ज्या वयाची असेल, त्याहून लहान. तिच्यावर सानिका चिडली, भडभडून चिडली. आणि ती बाई आगगाडीतून नाहीशी झाली नाही. पलीकडच्या खोलीतून तिच्या खोकण्याचा आवाज येत होता.

ती परत आली तेव्हा विनीताबाईंचे डोळे लाल होते, पण आवाज खणखणीत होता. "आता माझंही एक ऐक. केयूरनं सांगितलंय मला त्या जागेचं. 'आई, तू समजूतदार आहेस' म्हणाला."

"तुला कधी सांगितलं?"

"कधी का असेना. मी नाहीये समजूतदार. सोयीचं असेल तर पाठव. मला अडवता यायचं नाही, माझं हाड मोडलंय. पण मी रडणार. लिफ्टपाशी रडेन, विमानतळावर रडेन, त्या हवाईसुंदरीच्या गळ्यात पडून रडेन. शेजारपाजार गोळा करीन. तुझ्यासारखी उभी नाही राहणार मी दारात."

सानिकाला हसू फुटले, आणि हसता हसता ते कधी दुसरेच काही झाले ते तिला कळले नाही. ती पलंगाच्या कडेवर बसली. विनीताबाईंनी हात पुढे केला, पण तो तिच्या पाठीपर्यंत पोचेना. खुब्यामुळे त्यांना वळता येत नव्हते. तेव्हा सानिकाच थोडी सरकली. फार नाही. जेवढे तिला त्या घटकेला सरकता आले तेवढे.

षष्ठीच्या सकाळी तिने आईला स्वतः अंघोळ घातली. डावीकडून धरून स्टुलावर बसवले. गरम पाण्याची बादली भरली, आणि तेवढ्यात फोन वाजला. केयूर होता; वृद्धनिवासाला काय कळवायचे ते त्याला हवे होते.

"नाही पाठवत," सानिका म्हणाली.

"ताई, अगं पण जमवणार कसं? ती बाई परत येणारेय का?"

"माहीत नाही. मी तिला फोन करणार आहे. आली तर तिच्या अटींवर येईल. नाही आली तर दुसरी बघेन, आणि तीही टिकली नाही तर काय चुकतंय ते बघेन. यादी मात्र करणार नाही."

"कसली यादी?"

"काही नाही. आणि केयूर, पुढच्या महिन्यात तू ये. पंधरा दिवस. हे मी विचारत नाहीये, सांगतेय. मी तुझ्यावर चिडलेय."

"माझ्यावर? मी काय केलं?"

"ते आलास की सांगते."

"सानिका!" न्हाणीघरातून हाक आली. "पाणी निवलं! शेफाली आधी पायांवर घालते, मग खांद्यावर. तुला काही म्हणता काही येत नाही!"

"आई, ओरडू नकोस!" सानिका तितक्याच मोठ्याने म्हणाली. "पहिलाच दिवस आहे माझा!"

ती आत गेली. पाणी खरेच निवले होते. तिने पुन्हा गरम आणले, हात बुडवून पाहिला, आणि पहिला तांब्या आईच्या पायांवर ओतला.

"अजून थोडं गरम चाललं असतं," विनीताबाई म्हणाल्या.